ऊर्ध्वपातन पात्र, तांब्याचे
ऊर्ध्वपातन पात्र, तांब्याचे : द्रव तापवून त्याची वाफ करणे आणि ती वाफ दुसरीकडे नेऊन, थंड करून पुन्हा द्रवरूपात गोळा करणे या क्रियेस ऊर्ध्वपातन म्हणतात. ही क्रिया ज्या साधनात घडवून आणतात ते ऊर्ध्वपातन पात्र होय. बोलीभाषेत या सर्व साधनाला ‘भट्टी’ म्हटले जाते. परंतु काटेकोरपणे पाहता भट्टी म्हणजे केवळ खालची चूल. फुलांचे व गवतांचे अर्क, सुगंधी तेले, शुद्ध पाणी आणि मद्ये यांसाठी असे पात्र वापरतात. कारखान्यांतील उंच स्तंभाकार यंत्रांचा विचार येथे केलेला नाही. कुशल तांबटाकडून थोड्या खर्चात करवून घेता येईल अशा, सु. २० ते ५० लि. मावणाऱ्या पात्राची व त्याला जोडावयाच्या बाष्पित्राची (बॉयलरची) रचना येथे दिली आहे. अशा साधनाच्या किमतीचा मोठा भाग तांब्याच्या वजनात व सांध्यांच्या मजुरीत असतो. साहजिकच करणाऱ्याचा हात प्रथम तेथेच आखडतो आणि या साधनाने आजवर घेतलेले बरेच बळी त्याच ठिकाणच्या काटकसरीचे आहेत.

इतिहास : तांब्याच्या पात्राचे सर्वांत जुने वर्णन ईजिप्तमधील पॅनोपोलिस येथील झोसिमस या किमयागाराच्या (सु. इ. स. ३००) लेखनात आढळते. तो ते मारिया नावाच्या ज्यू विदुषीच्या आधारे देतो. तिचे स्वतःचे ग्रंथ उपलब्ध नाहीत. तिच्या पात्राला तीन तोट्या होत्या व सांधे कणकेच्या खळीने लिंपावेत असे त्यात सांगितले आहे. ही युक्ती अद्याप टिकून आहे. भारतात रसरत्नसमुच्चय या सु. तेराव्या शतकातील ग्रंथात ‘ढेकी यंत्रा’चे वर्णन येते. त्यात भांड्याच्या गळ्याखाली छिद्र पाडून बांबूची नळी बसवतात व तिचे दुसरे टोक पाणी घातलेल्या काशाच्या संपुटात सोडतात. उकळणारे भांडे, तिरपी नळी आणि पाण्याने गार राखलेले ग्राहक भांडे हा आराखडा नंतरच्या सातशे वर्षांत भारतीय कारागिरांनी फारसा बदललेला नाही. कनौजच्या अत्तर व्यवसायात तांब्याची ‘देग’, बांबूचा दोरीने गुंडाळलेला ‘चोंगा’ आणि लांब मानेचा तांब्याचा ‘भपका’ ही त्याचीच रूपे होत.

गोव्यातील पात्र : थोड्या भांडवलात उभे राहणारे पात्र कसे असते हे पाहण्यास गोव्यातील काजूफेणीची भट्टी हे उत्तम उदाहरण आहे. काजूचे झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणले. पण त्याच्या बोंडांपासून मद्य काढण्याची साधने स्थानिक कुंभार व तांबट यांनी घडवली. उकळण्याच्या भांड्याला ‘भाण’ म्हणतात. पूर्वी ते मातीचे असे, पुढे तांब्याचे झाले. भाणाचे तोंड लाकडी बुचाने बंद करून सांधा ओल्या मातीने लिंपतात व कापडाच्या पट्ट्यांनी आवळतात. वाफ नळीवाटे मातीच्या गोल मडक्यात जाते. हे मडके पाण्यात अर्धवट बुडालेले असते आणि वरून त्यावर सतत गार पाणी ओतत राहावे लागते. बोंडे तुडवून काढलेला रस बाहेरून किण्व (यीस्ट) न घालता सु. तीन दिवस आपोआप आंबू देतात. पहिल्या ऊर्ध्वपातनात सौम्य ‘हुर्राक’ मिळतो. हुर्राक ताज्या आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा चढवला की तीव्र मद्य हाती येते. काजूफेणीला २००९ मध्ये भौगोलिक उपदर्शन मिळाले. आता पुष्कळ ठिकाणी मडक्याची जागा सिमेंटच्या हौदात बुडवलेल्या तांब्याच्या वेटोळ्याने घेतली आहे. त्यामुळे पाणी ओतणाऱ्या माणसाची मजुरी वाचते; मात्र जुने लोक चवीत फरक पडतो असे म्हणतात व ते खोटे मानण्याचे कारण नाही, कारण वाफ किती वेगाने थंड होते यावर अर्काचा गुण अवलंबून असतो.

या रचनेत खर्च कोठे केला आहे हे लक्षात घेण्याजोगे आहे. चूल दगडमातीची, सांध्याचा लेप मातीचा, ग्राहक भांडे मातीचे. पैसा जातो तो केवळ भाणात. मातीचा लेप हा तर स्वस्त असूनही उत्तम असा भाग आहे. आत दाब वाढलाच तर प्रथम लेप फुटतो व वाफ फुरफुरत बाहेर पडते; भांडे फुटत नाही. हाच सांधा एखाद्याने ‘पक्का’ म्हणून बोल्टांनी आवळला, तर पात्राची एक नैसर्गिक सुरक्षा झडप नाहीशी होते.

तांबेच का : तांब्याची उष्णता-संवाहकता लोखंडाच्या सु. पाचपट व अगंज पोलादाच्या सु. पंचवीसपट आहे. याचा लाभ बहुधा इंधनाच्या बचतीत सांगितला जातो, पण तो तेवढासा खरा नाही. खरा लाभ असा की, तळावरील उष्णता चटकन सर्वत्र पसरते आणि रसातील गाळ एका जागी करपत नाही. करपलेल्या गाळाचा वास अर्कात उतरला की तो काढता येत नाही. दुसरे कारण रासायनिक आहे. किण्वनात (आंबण्याच्या क्रियेत) हायड्रोजन सल्फाइड व तत्सम गंधकयुक्त संयुगे तयार होतात. त्यांना कुजकट वास असतो. तप्त तांब्याच्या पृष्ठभागाशी त्यांची विक्रिया होऊन काळी सल्फाइडे बनतात व धातूवरच राहतात. ही क्रिया वाफ जेथे तांब्याला स्पर्श करते तेथे, म्हणजे मुख्यतः टोप व मान या भागांत उपयोगी पडते. म्हणून पैसा फारच थोडा असेल, तर उकळण्याचे भांडे अगंज पोलादाचे घेऊन फक्त टोप व मान तांब्याची करावी. निम्म्याहून अधिक तांबे वाचते व गुणात फारशी उणीव येत नाही. याउलट ॲल्युमिनियमाचे किंवा जस्ताचा मुलामा दिलेले भांडे स्वस्त पडले तरी घेऊ नये. आंबलेला रस अम्लधर्मी असल्यामुळे हे धातू त्यात विरघळतात. तांबेही अम्लात थोडे विरघळते, म्हणून पात्र न धुता ठेवल्यास त्यावर हिरवट जंगाल चढतो. तांब्याची ही संयुगे पोटात गेल्यास मळमळ व वांती होते. धारेचा पहिला भाग निळसर दिसला, तर तो टाकून पात्र पुन्हा साफ करणे हाच उपाय होय.

घडण : सु. ३६ सेंमी. व्यासाच्या व ४० सेंमी. उंचीच्या उभट पात्रात ४० लि. द्रव मावतो. १ मिमी. जाडीच्या पत्र्याचे तळ व वरच्या झाकणासह असे पात्र केल्यास तांबे सु. ६ किग्रॅ. लागते, टोप, मान व वेटोळे यांचे तांबे निराळे. थेट आचेवर ठेवावयाचे असेल, तर तळासाठी दीड ते दोन मिमी. जाडीचा पत्रा घ्यावा. जुन्या मोडीच्या भांड्यांचे तांबे वापरण्यास हरकत नाही. मात्र त्यावरील जुनी कल्हई व डाग दिलेली ठिगळे पूर्ण काढावीत, कारण त्यांत शिसे असण्याचा संभव असतो. शक्य तेथे तळ व बाजू एकाच पत्र्यातून ठोकून काढाव्यात. पुण्याच्या तांबट आळीतील कारागीर याच रीतीने हंडे व घंगाळी घडवत आले आहेत. ठोकताना तांबे कडक होते. ते लाल होईपर्यंत तापवून नरम करून घेतल्याखेरीज पुढे ठोकल्यास चिरते. शेवटी मठारल्याने (हातोडीचे एकसारखे ठोके दिल्याने) पत्र्याला पुन्हा ताठपणा येतो. मठारकाम ही केवळ शोभा नव्हे. पातळ पत्र्याचे भांडे त्यामुळेच आकार धरून राहते.

टोप प्रशस्त असावा. आंबलेला रस उकळताना फेस येतो व अरुंद टोपातून तो थेट नळीत शिरतो. पात्र दोन-तृतीयांशापेक्षा अधिक भरू नये ते याच कारणासाठी. टोपावरून निघणारी मान प्रथम वर चढून मग उताराला लागावी, म्हणजे जड थेंब मागे परततात व अर्क स्वच्छ येतो. मानेचा आतील व्यास २.५ ते ४ सेंमी. तरी असावा.

सांधे : या साधनातील सर्वांत स्वस्त वस्तू म्हणजे सांधे जोडण्याचा डाख आणि सर्वांत घातकही तोच. नळकाम व विजेची कामे यांत पूर्वापार वापरला गेलेला डाख शिसे व कथिल यांचा मिश्रधातू असतो. अम्लधर्मी गरम द्रव व वाफ यांत त्यातील शिसे उतरते. त्याला रंग नसतो, वासही नसतो. शिसे शरीरात साठत जाते. पोटात तीव्र कळा, पांडुरोग, मनगट लुळे पडणे, मूत्रपिंडांचे व मेंदूचे विकार ही त्याची लक्षणे होत. हे ज्ञान नवे नाही. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स वसाहतीने १७२३ मध्येच रम काढण्याच्या पात्रांना शिशाचे टोप व वेटोळी लावण्यास बंदी घातली होती. तेथील रम पिणाऱ्यांना पोटाचा विकार होतो अशी तक्रार दुसऱ्या वसाहतीतून आली होती. इंग्लंडमध्ये जॉर्ज बेकर या वैद्याने १७६७ मध्ये डेव्हन परगण्यातील ‘पोटशुळा’चे कारण सफरचंदाच्या मद्यात उतरलेले शिसे हेच असल्याचे दाखवून दिले. एवढे होऊनही विसाव्या शतकात अमेरिकेच्या आग्नेय भागातील चोरट्या भट्ट्यांत मोटारीचे भंगार रेडिएटर संघनक म्हणून वापरले गेले. ते जवळपास फुकट मिळत व त्यांचा थंड करणारा पृष्ठभागही भरपूर असे. पण त्यांच्या नळ्या शिशाच्या डाखाने जोडलेल्या असल्यामुळे ते मद्य पिणाऱ्यांत शिशाच्या विषबाधेचे रुग्ण वारंवार आढळले.

यावरून नियम असा निघतो की, डाख निर्भेळ कथिलाचा किंवा कथिल-रुपे अथवा कथिल-तांबे असा शिसेविरहित असावा. हे डाख सु. २२० ते २३० अंश से. या तापमानास वितळतात. पात्रात द्रव असेपर्यंत सांध्याचे तापमान १०० अंशांच्या फार वर जात नाही. परंतु पात्र कोरडे पडले की थोड्याच वेळात डाख वितळून तळ सुटतो. म्हणून आचेजवळच्या सांध्याला पत्रा दुमडून रिव्हेट मारावे आणि तो टाकणखार वापरून झाळावा. चांदीचा झाळ वापरल्यास तो कॅडमियमविरहित असल्याची खात्री करून घ्यावी. कॅडमियमाचा धूर झाळणाऱ्याच्या फुप्फुसांना घातक असतो, म्हणजे येथे धोका पिणाऱ्याच्या आधी कारागिराला आहे. रबरी व प्लॅस्टिकच्या नळ्या वाफेच्या मार्गात कोठेही नसाव्यात. गरम मद्यार्कात त्यांतील द्रव्ये विरघळून येतात.

संघनक : वाफ थंड करण्यासाठी १२ ते १५ मिमी. व्यासाची ४ ते ५ मी. लांबीची तांब्याची नळी वेटोळे करून पाण्याच्या पिंपात बसवतात. नळी वाकवताना ती चेपू नये म्हणून आत कोरडी बारीक वाळू ठासून भरतात व दोन्ही तोंडे बंद करून लाकडी ओंडक्याभोवती गुंडाळतात. वेटोळ्याला सर्वत्र उतार हवा. एखादा फेरा खाली लोंबला, तर तेथे द्रव साचतो आणि वाफ धक्के देत येऊ लागते. पाणी तळाशी आत यावे व वरून वाहून जावे. चुलीतून २ किलोवॉट इतकी उष्णता द्रवाला मिळत असेल, तर तेवढीच उष्णता संघनकात काढून घ्यावी लागते. पाण्याचे तापमान ३० अंशांनी वाढू दिले, तर त्यासाठी ताशी सु. ६० लि. पाणी लागते. चूल मोठी करण्याआधी विहिरीचा विचार करावा असे म्हणतात ते यामुळेच. उन्हाळ्यात पाणी कोमट झाले की वाफ न निवता तोंडाशी येते आणि तिला आग लागण्याचा संभव असतो.

बाष्पित्र : दाट रस, फुले किंवा गवत थेट आचेवर करपतात. अशा वेळी पाण्याची वाफ निराळ्या भांड्यात तयार करून ती पात्राच्या तळाशी सोडतात. गवती चहासारख्या वनस्पतींच्या तेलांसाठी हीच रीत योग्य होय. महाराष्ट्रातील घरांत आंघोळीचे पाणी तापवण्यासाठी असलेला तांब्याचा बंब हा या कामी अभ्यासण्याजोगा नमुना आहे. त्यात आच मधल्या उभ्या नळीत असते व पाणी तिच्या सभोवार, त्यामुळे उष्णता वाया जात नाही. बंब सुरक्षित राहतो तो तो सदैव उघडा असतो म्हणून. तोच बंब सर्व तोंडे बंद करून वाफेसाठी वापरला, तर मात्र तो स्फोटक बनतो. १ लि. पाण्याची १०० अंशांस सु. १,६७० लि. वाफ होते. वाट बंद झाल्यास पातळ पत्र्याचे कोणतेही भांडे तिच्यापुढे टिकणार नाही.

यावर जुना व जवळजवळ बिनखर्ची उपाय म्हणजे उभी उघडी नळी. दोन्ही टोके उघडी असलेली सु. १ मी. उंचीची नळी बाष्पित्राच्या माथ्यातून आत सोडतात व तिचे खालचे टोक पाण्यात बुडलेले ठेवतात. आतला दाब वाढला की पाणी नळीत चढते. मीटरभर पाण्याचा स्तंभ म्हणजे दर चौ. सेंमी.ला सु. ०.१ किग्रॅ. दाब; त्याहून दाब वाढल्यास पाणी वरून सांडते व धोका टळतो. वर चढणारे पाणी उकळते असल्याने नळीचे तोंड माणसांपासून दूर वळवावे. आच विझल्यावर आतली वाफ निवून निर्वात निर्माण होतो. तेव्हा नळीतून हवा आत शिरते आणि भांडे चेपत नाही, तसेच अर्कही उलट ओढला जात नाही. यंत्रिक झडपेपेक्षा ही नळी विश्वासार्ह आहे, कारण तिच्यात अडकण्यासारखे काही नाही. पात्राच्या मानेवर किंवा संघनकाच्या तोंडाशी तोटी कधीही बसवू नये. भारतात बाष्पित्रांवर १९२३ च्या कायद्यानुसार व त्याच्या जागी आलेल्या २०२५ च्या कायद्यानुसार देखरेख असते. २५ लि.पेक्षा कमी क्षमतेची किंवा दर चौ. सेंमी.ला १ किग्रॅ.पेक्षा कमी दाबाची भांडी तीत येत नाहीत. म्हणजे घरगुती बाष्पित्राची तपासणी कोणी अधिकारी करीत नाही. ती करणाऱ्यानेच करावयाची असते.

वापर : नवे पात्र प्रथम पातळ शिर्का घालून, नंतर नुसते पाणी घालून चालवतात व दोन्ही वेळचा अर्क टाकून देतात. यात गळके सांधेही कळतात. मद्यार्काचा उकळबिंदू ७८.३ अंश से. आणि पाण्याचा १०० अंश से. असल्याने आरंभी धार तीव्र असते व पुढे सौम्य होत जाते. आच मंद ठेवून धार बारीक चालू ठेवणे यातच कौशल्य आहे. मद्यार्काची वाफ हवेत आकारमानाने सु. ३.३ टक्क्यांपासून १९ टक्क्यांपर्यंत असता ठिणगीने स्फोट होतो. म्हणून ग्राहक भांडे चुलीपासून दूर, शक्यतो मधे भिंत ठेवून मांडावे. काम संपल्यावर आच विझवण्यापूर्वी नळीचे तोंड ग्राहकातील द्रवातून बाहेर काढावे.

मिथिल अल्कोहॉलाविषयी बरेच गैरसमज आहेत. फळांतील पेक्टिनाच्या विघटनाने ते थोडे निर्माण होते, गुळाच्या वा साखरेच्या रसात अत्यल्प असते. त्याचा उकळबिंदू ६४.७ अंश से. असला, तरी ते केवळ पहिल्या धारेत येत नाही, कारण पाणी व मद्यार्क यांच्या मिश्रणात त्याचे वर्तन स्वतंत्र राहत नाही. साध्या पात्रात ते आरंभापासून शेवटपर्यंत थोडेथोडे येतच राहते. त्यामुळे पहिली धार टाकण्याची प्रथा वास सुधारण्यासाठी चांगली असली, तरी विषावरचा उतारा म्हणून तिच्यावर विसंबता येत नाही. तांब्यानेही ते नाहीसे होत नाही. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे शंभराहून अधिक माणसे दगावली, ती औद्योगिक मिथिल अल्कोहॉल असलेली दारू प्यायल्यामुळे. अशा दुर्घटनांचे मूळ बहुधा पात्रात नसते, तर बाहेरून आणलेल्या पिंपात असते.

मद्य काढण्यासाठी असे पात्र बाळगणे महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याविना गुन्हा आहे. गोव्यातील भट्ट्याही अबकारी परवान्याने चालतात. न्यूझीलंडमध्ये मात्र १९९६ पासून स्वतःच्या वापरापुरते ऊर्ध्वपातन करण्यास मोकळीक आहे. सुगंधी जल व वनस्पतींची तेले काढणाऱ्यास आपल्याकडे ही अडचण येत नाही.

प्रत्येक वापरानंतर पात्र गरम पाण्याने धुऊन, चिंचेने किंवा लिंबाने घासून उलटे वाळत ठेवतात. वेटोळ्यातून आधी पाणी व मग हवा सोडून ते कोरडे करावे लागते. आतला काळसर थर सल्फाइडांचा असतो. तो फार दाट झाल्याखेरीज खरवडू नये, कारण प्रत्येक वेळी घासण्यात थोडा पत्रा झिजतोच. दरवर्षी मोसमापूर्वी तळ बोटाने वाजवून व उजेडात धरून पाहतात. आवाज बद्द आला किंवा सुईएवढाही उजेड दिसला, तर पात्र तांबटाकडे पाठवतात.